एक ग्रामसेवक, अनेक साहेब

एका कर्मचाऱ्यावर दोन किंवा अधिक वरिष्ठांचा अधिकार चालतो आणि त्या वरिष्ठांच्या अपेक्षा एकमेकींशी जुळत नाहीत, ही अडचण कचेऱ्यांइतकीच जुनी आहे. ती कारखान्यात असते, इस्पितळात असते, शाळेत असते, हिंजवडीतल्या सॉफ्टवेअर कंपनीतही असते. महाराष्ट्रात ती सर्वांत उघडपणे दिसते ती मात्र ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत आणि त्या प्रत्येकीचे दप्तर कोणा ना कोणा ग्रामसेवकाच्या हाती आहे. काही ग्रामसेवकांकडे दोन-दोन, तीन-तीन गावांचा कारभार असतो. २०२४मध्ये राज्य सरकारने ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदे एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे नवे पदनाम दिले. गावाच्या तोंडी अजून ग्रामसेवकच आहे, आणि समोरासमोर बोलताना भाऊसाहेब.

या भाऊसाहेबांच्या कामाची व्याप्ती बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. गावातले जन्म-मृत्यू त्यांनी नोंदवायचे, विवाहनोंदणीही त्यांच्याकडेच. बालविवाह होत असल्याचे कानावर आले तर प्रतिबंधक अधिकारी म्हणून तो थांबवायचाही त्यांनीच. घरपट्टी आणि पाणीपट्टी वसूल करायची, मासिक सभेचे इतिवृत्त लिहायचे, ग्रामसभेची नोटीस काढायची, नमुना १ ते ३३ अद्ययावत ठेवायचे. घरकुलाच्या यादीतल्या लाभार्थ्याने पाया खणला की नाही ते पाहायचे आणि त्याचा फोटो ॲपवर चढवायचा. रोजगार हमीची कामे, शौचालये, नळयोजना, वृक्षलागवड, पाणीटंचाईचा आराखडा, नाना तऱ्हेचे दाखले. अतिवृष्टी झाली की तलाठी आणि कृषी सहायक यांच्याबरोबर बांधावर जाऊन पंचनामे. यातले प्रत्येक काम कोणत्या तरी कायद्याने, शासन निर्णयाने किंवा परिपत्रकाने त्याच्याकडे आलेले असते, आणि प्रत्येक कामामागे हिशेब मागणारा एक वेगळा अधिकारी असतो. अडचणीचे मूळ इथे आहे. कामे पुष्कळ असणे हा कष्टाचा भाग झाला. त्या कामांचे धनी वेगवेगळे असणे ही त्याहून निराळी गोष्ट आहे.

ही रचना एका दिवसात उभी राहिली नाही. ग्रामपंचायतींचा कायदा १९५८चा. त्याने ग्रामपंचायतीची कार्यकारी सत्ता सरपंचाकडे सोपवली आणि प्रत्येक ग्रामपंचायतीला, किंवा ग्रामपंचायतींच्या गटाला, एक सचिव दिला. पुढे वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा १९६१चा कायदा झाला आणि १ मे १९६२पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. सचिवाचे काम करणारा ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा कर्मचारी. त्याची नेमणूक, बदली, पदोन्नती, निलंबन, खातेनिहाय चौकशी हे सारे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या हाती, आणि तालुक्याला त्याचा साहेब गटविकास अधिकारी. म्हणजे रोज ज्याच्या शेजारी बसून काम करायचे तो सरपंच एकीकडे, आणि ज्याच्या शेऱ्यावर नोकरी टिकायची तो अधिकारी दुसरीकडे. सरपंच गावाने निवडलेला, त्याची बांधिलकी मतदारांशी. गटविकास अधिकारी शासनाने नेमलेला, त्याची बांधिलकी उद्दिष्टांशी. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढचे काही समजत नाही.

त्यानंतरच्या दशकांत या दोघांत भर पडत गेली. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३पासून अमलात आली आणि घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय नोंदले गेले. विषय आले, पण त्या-त्या विषयाची खाती पूर्वीसारखीच राहिली. पाणीपुरवठ्याची बैठक वेगळी, आरोग्याची वेगळी, स्वच्छतेची वेगळी, आणि प्रत्येक खात्याचा व्हॉट्सॲप ग्रुपही वेगळा. महसूल खाते तर जिल्हा परिषदेच्या बाहेरचे, तरीही निवडणूक आणि आपत्ती या दोन प्रसंगी तहसीलदाराचा आदेश ग्रामसेवकाला बांधून घेतो. रोजगार हमीत ही गुंतागुंत नियमांतच शिरली. महाराष्ट्रात या योजनेचा तालुक्याचा कार्यक्रम अधिकारी तहसीलदार, आणि सहकार्यक्रम अधिकारी गटविकास अधिकारी. एकाच विहिरीच्या प्रस्तावाबद्दल दोन कचेऱ्यांतून विचारणा होते आणि उत्तर देणारा माणूस एकच असतो.

मार्चमधला एखादा दिवस घेतला तर हे जवळून दिसते. आर्थिक वर्ष ३१ तारखेला संपणार. पंचायत समितीकडून रोज संध्याकाळी वसुलीची टक्केवारी मागवली जाते आणि जे मागे आहेत त्यांची नावे ग्रुपवर पडतात. थकबाकीदारांना मागणीची नोटीस द्या, दाद देत नसतील तर नळजोडणी तोडा, अशी तोंडी तंबी बैठकीत मिळालेली असते. इकडे सरपंच म्हणतात, “भाऊसाहेब, उन्हाळा तोंडावर आहे. नळ तोडला तर बाया घागरी घेऊन आपल्याच दारात येतील. थोडं सबुरीनं घ्या.” त्याच दुपारी विस्तार अधिकारी दप्तर तपासणीला येणार असतात. तहसील कार्यालयातून निरोप असतो की गारपिटीचे पंचनामे दोन दिवसांत पूर्ण करून सह्यांनिशी पाठवा. घरकुलाचा कक्ष विचारतो, तिसऱ्या हप्त्याचे फोटो अजून का चढले नाहीत? आणि दाराशी एक म्हातारी उभी असते. तिला मुलीच्या नावची घराची नोंद हवी असते, तिचा कुठल्याही उद्दिष्टाशी संबंध नसतो. या सगळ्यांत बहुधा तिलाच ‘उद्या या’ असे सांगितले जाते. वरिष्ठांच्या ओढाताणीचा भार शेवटी ज्याच्या मागे कोणी साहेब नाही अशा माणसावर पडतो, आणि या प्रश्नाकडे केवळ कर्मचाऱ्याचा वैयक्तिक त्रास म्हणून पाहू नये याचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

वरच्या प्रसंगात विरोध एकाच जातीचा नाही. बारकाईने पाहिले तर त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत, आणि त्या वेगळ्या न करता उपाय शोधू गेले की माणूस चुकतो.

पहिला विरोध वेळेचा. पंचनामा, दप्तर तपासणी आणि वसुली या तिन्ही गोष्टी योग्य आहेत, कायदेशीर आहेत, आणि कोणाही दोन वरिष्ठांत त्यांबद्दल मतभेद नाही. फक्त त्या एकाच माणसाने एकाच दिवशी करायच्या आहेत. प्रत्येक वरिष्ठ ग्रामसेवकाचा पूर्ण दिवस आपला धरून चालतो, कारण दुसऱ्याने काय मागितले ते त्याला दिसत नाही. कचेऱ्यांतल्या ओढाताणीचा मोठा हिस्सा या जातीचा असतो. तो इतका साधा असतो की त्याला विरोध म्हणायचेही कोणाला सुचत नाही. कामचुकारपणा हे नाव त्याला पटकन चिकटते.

दुसरा विरोध हेतूचा. वसुली शंभर टक्के व्हावी हे गटविकास अधिकाऱ्याचे म्हणणे आणि ऐन उन्हाळ्यात नळ तोडू नये हे सरपंचाचे म्हणणे, ही दोन खरोखरची वेगळी मते आहेत. वसुली नसेल तर पाणीयोजनेचे वीजबिल भरता येत नाही आणि मोटार बंद पडते. नळ तोडला तर गरीब घरावर आधी घाव पडतो. यातले एक पारडे जड आहे असे ग्रामसेवकाने ठरवायचे नसते. तो निर्णय मासिक सभेचा आहे.

तिसरा विरोध माणसाचा आणि नियमाचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. त्या पैशातून आपल्या आळीत काँक्रीटचा रस्ता करा असा आग्रह कोणी धरला, मग तो सरपंच असो, सदस्य असो की वरचा पुढारी, तर तिथे दोन अपेक्षांचा मेळ घालण्याचा प्रश्नच उरत नाही. एक बाजू नियमाची आहे. नेमके इथेच पुष्कळ कर्मचारी फसतात. वेळेच्या ओढाताणीत मधला मार्ग काढण्याची सवय लागलेली असते, त्या सवयीने ते इथेही मधला मार्ग काढू पाहतात, आणि लेखापरीक्षणात वसुली त्यांच्या पगारातून लागते.

अधिकार वाटून देण्यामागे काही शहाणपण असते, हेही सांगायला हवे. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या गडांची व्यवस्था सांगितली आहे. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे बरोबरीच्या दर्जाचे अधिकारी असत, आणि कोठाराचा हिशेब कारखानिसाकडे असे. किल्ला एका माणसाच्या मर्जीवर राहू नये, कोणी एक फितूर झाला तरी गड जाऊ नये, हा त्यामागचा विचार. ग्रामपंचायतीच्या पैशावर सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांची सही लागते. पूर्वी ती धनादेशावर होत असे, आता डिजिटल स्वाक्षरीने संगणकावर होते. तिच्यामागे हाच विचार आहे. एकट्या सरपंचाला पैसा काढता येऊ नये आणि एकट्या ग्रामसेवकालाही येऊ नये. म्हणून दोघांत कधी खटका उडाला तर व्यवस्था बिघडली असे म्हणण्याचे कारण नाही. ती ज्यासाठी केली ते काम ती करते आहे. गावात सरपंच आणि ग्रामसेवक यांचे कधीच वाजत नाही असे ऐकू आले, तर जाणत्या विस्तार अधिकाऱ्याने त्या गावाचे दप्तर जरा जास्त काळजीने पाहावे.

पण गडावरच्या व्यवस्थेत आणि ग्रामसेवकाच्या स्थितीत एक फरक आहे. तिथे अधिकार वाटला होता तो वरच्या माणसांत, एकमेकांवर नजर राहावी म्हणून, आणि कोणाचे काम काय ते ठरलेले होते. इथे एकाच खालच्या माणसाच्या दिवसावर अनेकांनी हक्क सांगितला आहे आणि कोणाचा हक्क किती ते ठरलेलेच नाही. पहिल्या वाटणीला जाब विचारण्याची व्यवस्था म्हणता येईल. दुसरी निव्वळ आबाळ आहे. बारभाईची शेती, काय लागेल हाती, ही म्हण या दुसऱ्या प्रकाराला लागू पडते.

कारखानदारीच्या जगात हा वाद शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेला आहे. फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याने १९०३मध्ये एक कल्पना मांडली. एका मुकादमाला सगळ्याच गोष्टी चांगल्या जमणे अशक्य, तेव्हा कामगारावर आठ मुकादम असावेत, चार आखणीच्या खोलीतले आणि चार कामाच्या जागेवरचे, प्रत्येक जण आपल्या विषयातला जाणकार. कोणी यंत्राचा वेग पाहील, कोणी दुरुस्ती, कोणी मालाची तपासणी, कोणी शिस्त. खाणउद्योगात उभे आयुष्य काढलेले फ्रेंच अभियंते आंरी फेयॉल यांना हे पटले नाही. १९१६मध्ये त्यांनी प्रशासनाची चौदा तत्त्वे मांडली. त्यांतले एक असे की कोणत्याही कर्मचाऱ्याला आदेश एकाच वरिष्ठाकडून मिळावेत. हे तत्त्व मोडले की अधिकार, शिस्त आणि स्थैर्य तिन्ही धोक्यात येतात, असे त्यांचे अनुभवाचे मत होते. पुस्तकांत फेयॉल जिंकले. प्रत्यक्षात टेलरचे आठ मुकादम वेगळ्या वेषात परत आले. १९६०च्या दशकात अमेरिकेच्या विमान व अंतराळ उद्योगात प्रत्येक अभियंत्याला एक विषयाचा प्रमुख आणि एक प्रकल्पाचा प्रमुख अशी दुहेरी रचना रूढ झाली आणि तिथून ती जगभर पसरली. पुण्यातला संगणक अभियंता कंपनीतल्या मॅनेजरला आणि परदेशातल्या ग्राहकाच्या मॅनेजरला एकाच वेळी उत्तरे देतो तो याच रचनेत.

या रचनेचा माणसावर काय परिणाम होतो याचा मोठा अभ्यास अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात झाला. रॉबर्ट कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. परस्परविरोधी अपेक्षांत सापडलेल्या माणसांचा ताण वाढलेला, कामातले समाधान घटलेले आणि अपेक्षा ठेवणाऱ्यांवरचा विश्वास उणावलेला त्यांना आढळला. त्यातले एक निरीक्षण विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अशी माणसे ज्यांच्याकडून दडपण येते त्यांच्याशी बोलणेच कमी करतात. हे माणसाच्या स्वभावाला धरून आहे, पण त्यामुळे गाठ सुटण्याची शक्यता होती तीही जाते. वरिष्ठांना दुसऱ्या बाजूची मागणी कळण्याचा एकच रस्ता असतो, तो म्हणजे हा कर्मचारी. तोच गप्प झाला की दोन्ही वरिष्ठ आपापल्या समजुतीत राहतात.

ग्रामसेवकांच्या बाबतीत हे गप्प होणे ठराविक वळणाने होते. बैठकीत साहेबांनी विचारले की ‘होय साहेब, करून घेतो’ असे उत्तर जाते. सरपंचांनी विचारले की ‘तुमच्या मनाप्रमाणं होईल’ असे. दोन्ही उत्तरे त्या क्षणी खरी वाटतात, कारण देणाऱ्याला दोघांनाही दुखवायचे नसते. मग मोबाइल बंद लागू लागतो. गावात असले की पंचायत समितीत आहे आणि पंचायत समितीत असले की गावात आहे असे सांगितले जाते. काम होते, पण ज्याने शेवटचा फोन केला त्याचे आधी होते. एक ना धड, भाराभर चिंध्या. हळूहळू गावात बोलले जाते की हा माणूस शब्दाचा पक्का नाही. माणूस सहसा वाईट नसतो. ‘नाही’ म्हणण्याची जागा त्याला कोणी ठेवलेली नसते आणि त्यानेही ती कधी मागितलेली नसते.

ही कोंडी सुटू शकते, आणि कित्येक जाणते ग्रामसेवक ती रोज सोडवतात. त्यांच्या रीतीत सारखेपणा आहे. ते दोन वरिष्ठांतला विरोध स्वतःच्या पोटात ठेवत नाहीत. ज्यांचा तो आहे त्यांच्यासमोर ठेवतात, आणि तोही कागदावर ठेवतात.

वेळेच्या ओढाताणीत हे सर्वांत सोपे असते आणि तरीही सर्वांत कमी केले जाते. समजा एकाच तारखेला तहसीलचे पंचनामे आणि पंचायत समितीची आढावा बैठक आली. अशा वेळी एक छोटे पत्र पुरते. विषय: ‘एकाच दिनांकास नेमून दिलेल्या कामांचा प्राधान्यक्रम मिळणेबाबत.’ संदर्भात दोन्ही आदेशांचे क्रमांक आणि दिनांक. मजकूर तीन ओळींचा: दोन्ही कामे त्याच दिवशी आहेत, गावांतील अंतर व बाधित खातेदारांची संख्या अमुक आहे, आपला आदेश न आल्यास पंचनामे आधी पूर्ण करून बैठकीची माहिती लेखी सादर करण्यात येईल. प्रत तहसीलदारांना. जावक क्रमांक, आणि स्थळप्रतीवर पोच. या पत्राचे बळ शेवटच्या वाक्यात आहे. नुसते ‘मार्गदर्शन मिळणेस विनंती’ असे लिहिले तर चेंडू वर जातो आणि तिथेच राहतो, कारण मार्गदर्शन देणाऱ्यालाही निर्णय घ्यायचा नसतो. आपण काय करणार आहोत हे सांगून वेळेत हरकत घेण्याची संधी दिली की काम अडत नाही, आणि पुढे बोल लावायला जागा राहत नाही. पत्राला वेळ नसेल तर हाच मजकूर दोन्ही साहेबांना एकाच संदेशात पाठवता येतो. एकालाच वेगळा पाठवला तर मात्र चहाडीचा वास येतो.

हेतूच्या विरोधात ग्रामसेवकाचे काम न्यायाधीशाचे नाही. त्याने आकडे ठेवायचे. थकबाकी किती, तिच्यातली मोठ्या घरांची किती आणि मोलमजुरी करणाऱ्यांची किती, पाणीयोजनेचे वीजबिल किती थकले, मोटार बंद पडायला किती दिवस उरले, हे एका कागदावर मांडून तो कागद मासिक सभेत वाचायचा. ऐपत असून पट्टी न भरणाऱ्यांची नावे वाचली गेली की सबुरीचा आग्रह पुष्कळदा आपोआप सैल होतो, आणि गरीब घरांना हप्ते बांधून द्यावेत हे मग गटविकास अधिकाऱ्यालाही पटते. ठराव झाला की तो वरिष्ठ कार्यालयाला पाठवायचा. त्यानंतर वसुलीची टक्केवारी कमी का, या प्रश्नाचे उत्तर ग्रामसेवकाच्या तोंडी न राहता सभेच्या ठरावात राहते. ठराव ही ग्रामपंचायतीच्या कारभारातली फार मोठी सोय आहे. ती बिलांच्या मंजुरीपुरती वापरली जाते याची खंत वाटते.

तिसऱ्या जातीच्या विरोधात शब्द थोडे आणि स्वच्छ असावेत. ‘हा निधी या कामाला लागत नाही, अमुक शासन निर्णय आहे, ही प्रत.’ त्यात आवाज चढवायचे कारण नाही आणि माफी मागायचेही नाही. याबरोबर, तोच रस्ता कोणत्या दुसऱ्या निधीतून होऊ शकेल हे सांगता आले तर नकाराची धार जाते. सरपंचाला रस्ता हवा असतो, नियम मोडायची हौस बहुतेकांना नसते. आग्रह तरीही तोंडी चालूच राहिला तर तो लेखी मागावा.

लेखी मागणे हे उद्धटपणाचे लक्षण समजले जाते. ही समजूत साफ चुकीची आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९६४च्या वर्तणूक नियमांत स्पष्ट म्हटले आहे की वरिष्ठाचा आदेश सामान्यतः लेखी असावा, तोंडी आदेश शक्यतो टाळावा, आणि तो देणे भागच पडले तर लगेच लेखी पुष्टी द्यावी. तोंडी आदेश मिळालेल्या कर्मचाऱ्याने लवकरात लवकर लेखी पुष्टी मागायची आणि ती देणे हे वरिष्ठाचे कर्तव्य, असेही त्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या याचिकेवर निर्णय देताना सनदी अधिकाऱ्यांना मिळणाऱ्या तोंडी आदेशांची नोंद झालीच पाहिजे, हे पुन्हा बजावले. दिल्लीतल्या सचिवाला जे लागू आहे त्याच्या मागचा न्याय ग्रामपंचायतीच्या टेबलाला लागू नसण्याचे कारण नाही. किंबहुना तिथे तो अधिक लागतो, कारण चौकशी खालून सुरू होते.

या रीतीला मर्यादा आहेत, आणि त्या झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. नव्याने रुजू झालेला, परिविक्षा काळातला ग्रामसेवक पहिल्याच महिन्यात जावक क्रमांकाचे पत्र घेऊन उभा राहिला तर त्याच्याकडे वाकड्या नजरेने पाहिले जाते. बदलीची टांगती तलवार असते. स्थानिक पुढाऱ्याचा शब्द काही ठिकाणी शासन निर्णयाहून जड असतो. अशा वेळी एकट्याचे पत्र दुबळे पडते आणि संघटनेची गरज लागते. तालुक्यातल्या सर्व ग्रामसेवकांनी मिळून दिलेले एक निवेदन, की महिन्यातल्या बैठकांचे दिवस आधी जाहीर करावेत, हे एका माणसाच्या दहा पत्रांपेक्षा जास्त काम करते, आणि त्यात कोणा एकाचे नाव पुढे येत नाही. संघटनांनी पगार आणि पदोन्नतीच्या मागण्यांइतके लक्ष या मागणीकडे द्यायला हवे.

खासगी कंपन्यांत कागदाची जागा ईमेल घेते आणि ठरावाची जागा बैठकीची टिपणे घेतात, एवढाच फरक. तिथेही दोन मॅनेजरांना एकाच ईमेलमध्ये घेऊन ‘या आठवड्यात यांतले एकच पूर्ण होईल, मी हे आधी घेत आहे’ असे लिहिणारा अभियंता टिकतो आणि दोघांना वेगवेगळे ‘होय’ म्हणणारा वार्षिक मूल्यमापनात मार खातो. तिथे कामाचे तास मोजले जातात, त्यामुळे वेळेची ओढाताण आकड्यांत दाखवता येते. ग्रामसेवकाचे तास कोणी मोजत नाही.

आणि म्हणूनच या प्रश्नाचा अर्धा भाग कर्मचाऱ्याच्या हातात नाही, तो वरिष्ठांच्या हातात आहे. आपल्या हाताखालच्या माणसाला आणखी कोण काम सांगते हे विचारण्याची पद्धत कचेऱ्यांत नाही. शिक्षकांच्या बाबतीत कायद्याने निदान एक रेघ ओढली. शिक्षण हक्काच्या २००९च्या कायद्याने दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढी कामे सोडून शिक्षकांना शिक्षणेतर कामाला लावायला मनाई केली. ती रेघ पुसट झाली असेल, पण आहे, आणि तिच्याकडे बोट दाखवता येते. ग्रामसेवकासाठी अशी रेघ कोणी ओढलेली नाही. नवे अभियान आले की शासन निर्णयात त्याचे नाव येते आणि जुने कोणते काम कमी झाले याचा त्या निर्णयात उल्लेख नसतो.

त्यासाठी नवा कायदा होईपर्यंत थांबायचेही कारण नाही. तहसीलदार, गटविकास अधिकारी, तालुका कृषी अधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारी यांची कार्यालये बहुतेक तालुक्यांत एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असतात. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात या चौघांनी अर्धा तास एकत्र बसावे, ग्रामसेवकांना कोणत्या दिवशी कोण बोलावणार ते एका कागदावर ठरवावे, आठवड्यातला एक दिवस कोणाच्याही बैठकीविना फक्त गावासाठी राखून ठेवावा, आणि तो कागद चौघांच्या सह्यांनी सर्व ग्रामपंचायतींना पाठवावा. त्याला मंत्रालयाची परवानगी लागत नाही आणि एक रुपयाही खर्च येत नाही.